शकुनची शपथ

साकोलीच्या मैदानावर नीतूच्या कॉलेजची कबड्डी हातातून निसटत होती. त्यांच्या संघातला अनुप चौथ्यांदा चढाईला गेला आणि चौथ्यांदा रिकाम्या हातानं परतला. एरवी नीतूच्या आईनं, शकुननं, एव्हाना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण आज मांडवात मोठे पाहुणे होते. "एकबी शिवी देल्ली त माही शपथ हाय, माय," असं नीतूनं घरीच बजावलं होतं. शकुन ओठ दाबून धुमसत होती.

मध्यंतराला अनुप थेट तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

"मावशी, आज शिव्या काहून नाही? माह्यावरचा भरोसा उडाला का तुमचा?"

शकुननं लेकीकडं पाहिलं.

"सुटली शपथ, माय," नीतू म्हणाली. "मांडवापर्यंत ऐकू जाऊ दे!"