दातांचा धडा

नेरिडाने दातांचा धडा सप्टेंबरातून उचलला आणि पहिल्याच आठवड्यात टाकला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्षभराचा आराखडा पसरला होता. तिची मुलगी टेगन चौदा वर्षांची. या वर्षापासून ती शाळेत जाणार नव्हती. घरीच शिकणार होती, आणि जे शिकायचं ते सगळं घोड्याच्या आधाराने. दाण्याच्या वजनातून गणित, खुरांच्या रोगांतून विज्ञान, दुष्काळात शेकडो मैल गुरं हाकत नेणाऱ्या माणसांच्या वह्यांतून इतिहास. आराखडा शिक्षण खात्याकडे पाठवायचा होता. मायलेकी तीन आठवडे त्यावर बसल्या होत्या.

"दात आधी का?" टेगनने विचारलं. "चारा आधी घेणार होतो ना आपण?"

"तोंडापासून सुरुवात करू. चारा तिथूनच आत जातो."

"मग शेवटचा धडा लिदीचा ठेव."

दोघी खूप हसल्या.

घोडा ग्लेनने पाठवला होता. ग्लेन टेगनचा बाप. दोन वर्षांपूर्वी तो हे शेत, ही मेंढरं आणि नेरिडा, सगळं सोडून टुवूम्बा शहरात दुसऱ्या बाईकडे राहायला गेला होता. तेव्हापासून वाढदिवसाला नुसता फोन यायचा. यंदा मात्र धुळीचा लोट उठवत ट्रक आला आणि त्यातून तांबूस घोडा उतरला. मागोमाग फोन आला. "सात वर्षांचा आहे गं राणी. अजून वीस वर्षं तुझ्यासोबत काढेल. स्वतःच्या लग्नाला त्याच्यावर बसूनच जा."

टेगनने त्याचं नाव कॉपर ठेवलं. "बाबा विसरला नव्हता बघ," हे ती त्या दिवशी आईला तीनदा म्हणाली. नेरिडाचा बाप गुराखी होता, ती घोड्यांतच वाढली होती. तिने कॉपरचं तोंड हातात धरलं, त्याला पाणी दाखवलं आणि म्हणाली, "गरीब आहे स्वभावाने."

त्यानंतर टेगन सकाळचा टोस्टसुद्धा कुंपणावर बसून खायची. अर्धा तिचा, अर्धा त्याचा.

पहिल्या सोमवारी सकाळी आठलाच ऊन भाजत होतं. माश्या घोंघावत होत्या. टेगनने पुस्तक कुंपणाच्या खांबावर उघडं ठेवलं. नेरिडा चहाचा कप घेऊन कुंपणाबाहेर उभी राहिली.

"तू आत नाही येत?"

"नाही. बघायचं तू, ठरवायचंही तू. मी एक शब्द बोलणार नाही."

पुस्तकात चित्रं होती. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक तपकिरी रेघ येते. दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी निम्म्यावर पोचते, विसाव्या वर्षी दाताच्या टोकाला. मग वरून पुसत जाते.

टेगनने कॉपरच्या ओठांच्या फटीत अंगठा सरकवला. त्याने निमूटपणे तोंड उघडलं. तिने पाहिलं. पुस्तकात पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा पाहिलं.

"आई, पुस्तक चुकलंय."

"पुस्तक कसं चुकेल? नीट बघ."

"रेघ पार टोकापर्यंत आहे. वरून पुसायलाही लागलीये."

"मग लिही वहीत. आकड्यात लिही."

टेगन बराच वेळ पेन्सिल धरून उभी राहिली. मग तिने लिहिलं, बावीस.

"आणि तुझा बाबा किती म्हणाला होता?" नेरिडाने विचारलं.

असा एखादा प्रश्न विचारायला ती दोन वर्षं थांबली होती.

टेगन रडली नाही. कॉपर तिच्या बाहीला तोंड घासत होता, रोजच्या टोस्टची वाट बघत. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला.

"तुला कधी कळलं?"

नेरिडाने चहाचा घोट घेतला. "उतरला त्याच दिवशी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला पटलं नसतं. म्हणाली असतीस, आई जळते. आता तुझ्याच डोळ्यांनी बघितलंस ना?"

"तीन आठवडे तू माझ्याशेजारी बसून हे ठरवत होतीस. हसत होतीस."

नेरिडाने उरलेला चहा मातीत ओतला.

टेगनने वही मिटली. कॉपरच्या बादलीत पाणी भरलं, त्याला सावलीत नेऊन बांधलं आणि ती घरात गेली. तिने फोन उचलला. मागोमाग नेरिडा आली आणि उगाचच कप विसळू लागली. हा फोन तिला ऐकायचा होता. शब्दन् शब्द ऐकायचा होता. टेगनने आपण होऊन फोनचा आवाज मोठा केला.

"काय गं राणी!" ग्लेन म्हणाला. "कसा आहे आपला पठ्ठ्या?"

"मजेत आहे. बाबा, मला तुझ्याकडे राहायला यायचंय. तिथल्या शाळेत जाईन मी."

नळ वाहत राहिला. नेरिडाच्या हातातला कप तसाच राहिला.

पलीकडून एका बाईचा दबका आवाज आला. मग ग्लेनचं खाकरणं. "अगं, ये ना. म्हणजे, बघू आपण. पण इथं जागा ही एवढीशी. घोडा कुठं ठेवायचा?"

टेगनने वळून आईकडे बघितलं, आणि बोलली ती फोनमध्ये.

"घोडा नाही आणणार. त्याचे किती दिवस राहिलेत ते तुम्हा दोघांनाही माहीत होतं. शिकायची मी एकटीच राहिले होते."