ग्रीलची मीटिंग

जुन्या लुगड्याची एक पट्टी. पाच हात लांब, धुऊन धुऊन मऊ पडलेली.

मळ्यातली विहीर. मळा बिल्डरला दिला तेव्हा बुजवली. आता तिच्यावर पार्किंग आहे.

नोटीस बोर्डावरचा चार महिन्यांपूर्वीचा कागद: ‘सर्व फ्लॅटच्या ग्रीलचे डिझाइन एकसारखे ठरेपर्यंत कोणीही खिडकीला ग्रील बसवू नये. इमारतीची शोभा जाते. – सेक्रेटरी.’

तिसरा मजला. खिडकीचा कट्टा जमिनीपासून दीड फूट.

लोखंडी पलंग. दोघांना उचलत नाही.

चपराक.

दुसरी चपराक बसली तेव्हा नवसाबाईच्या कानातलं फूल उडून फरशीवर पडलं. मारणारा तिचा मुलगा होता, ज्ञानेश. ओझरच्या कारखान्यात सुपरवायझर, सोसायटीचा सेक्रेटरी. त्याची दोन वर्षांची निकिता पलंगाशेजारी चटईवर झोपली होती. तिच्या कमरेला लुगड्याची पट्टी होती आणि पट्टीचं दुसरं टोक पलंगाच्या पायाला. कमरेवर लाल रेघ उठली होती.

अर्ध्या तासापूर्वी पार्किंगमध्ये रविवारच्या मीटिंगच्या खुर्च्या मांडताना समोरच्या फ्लॅटमधल्या छायाताईंनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, सेक्रेटरींनी घरात वासरू पाळलंय का? दाव्याला बांधलेलं दिसलं म्हणून विचारलं. सगळे हसले होते. ज्ञानेशही हसला होता.

नवसाबाईने गाल धरला नाही. ती एवढंच म्हणाली की स्वयंपाकघरात गेलं की पोरगी खिडकीकडे धावते. तूही चार वर्षांचा होईस्तोवर असाच बांधलेला असायचास, मळ्यात, जांभळीला. हे ऐकून ज्ञानेशचं डोकं आणखी फिरलं. चार महिन्यांत तिने ग्रीलचा विषय सात वेळा काढला होता. सेक्रेटरीनेच नियम मोडायचा का, असं त्याने सातही वेळा विचारलं होतं. आज त्याने विचारलं नाही. मुलीच्या कमरेची पट्टी सोडली. आईचे दोन्ही हात पाठीमागे पिरगाळले, ती पट्टी मनगटांना आवळली आणि पलंगाच्या पायथ्याच्या दांड्याला गाठ मारली. नवसाबाईचं मनगट जाड होतं, तिने आयुष्यभर मेथी उपटली होती. तरी हाड कुरकुरलं.

“एक तास बस अशीच,” तो म्हणाला. “मग सांग कसं वाटतं ते.”

त्याची बायको शुभांगी येवल्याला माहेरी गेली होती. मुलगी झोपेत होती. त्याने बाहेरून कडी घातली आणि तो मीटिंगला गेला.

विषय एकच होता. उभे गज की वेलबुट्टी. पांढरा रंग की चॉकलेटी. ज्ञानेश उभा राहून बोलायला लागला. त्याचा आवाज मोठा होता.

तो आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचला आणि निकिता जागी झाली. पप्पा, म्हणाली. आवाज खिडकीतून येत होता. ती खिडकीकडे निघाली.

नवसाबाईने हाक मारली. मग गोड बोलली. मग शिवी दिली. पोरगी कट्ट्यावर चढली.

नवसाबाई नांगराला जुंपल्यासारखी वाकली आणि तिने ओढलं. पलंग हलला नाही. तिने पुन्हा ओढलं. उजव्या खांद्यातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि पलंग हलला.

खाली लोकांना फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज ऐकू आला. लांब, कर्कश. थांबला. पुन्हा आला. कोणीतरी म्हणालं, रविवारी कोण सामान हलवतंय. ज्ञानेशने वर पाहिलं.

खिडकीतून दोन उघडे पाय लोंबत होते.

तीन मजले तो कसा चढला ते त्याला आठवत नाही. फरशीवर दोन पांढरे ओरखडे पडले होते, भिंतीपासून खिडकीपर्यंत. पलंग खोलीत तिरका उभा होता. नवसाबाई गुडघ्यावर, छाती कट्ट्यावर, हात पाठीमागे बांधलेले. एक खांदा जागेवर नव्हता. तिची हनुवटी खिडकीच्या चौकटीला टेकली होती आणि दातांत निकिताचा फ्रॉक होता. फ्रॉकची शिवण उसवत चालली होती. मुलगी कमरेपासून खाली बाहेर होती आणि ओरडत होती. फ्रॉकवरचं रक्त आजीच्या हिरड्यांचं होतं.

त्याने मुलीला आत ओढलं. आईचे दात सुटेनात. त्याने तिच्या जबड्यावर हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा. तेव्हा ते सुटले. एक दात कापडातच राहिला.

मुलगी लगेच त्याच्या हातातून घसरली आणि पुन्हा खिडकीकडे वळली. खाली एवढी माणसं जमलेली तिने कधी पाहिली नव्हती.

ज्ञानेश आईच्या मागे बसला. त्याने गाठीत नख घातलं. गाठ रक्ताने भिजून घट्ट झाली होती.

“आई, हलू नको. सोडतो.”

“मला राहू दे,” नवसाबाई म्हणाली. शब्द थुंकीसारखे पडत होते. “आधी तिला बांध.”

पट्टीचं एक टोक मोकळं लोंबत होतं. त्याने मुलीला जवळ ओढून ते तिच्या कमरेभोवती गुंडाळलं. ही गाठ त्याला कुणी शिकवली नव्हती. बोटांना ती येत होती. आजी आणि नात एकाच पट्टीला, एकाच पलंगाला. मग तो आईच्या मनगटांकडे वळला.

ज्ञानेशच्या आधी एक मुलगा होता, गोरक्ष. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. १९६५ च्या उन्हाळ्यात, दोन वर्षांचा असताना, तो मळ्यातल्या विहिरीत पडून गेला. कठडा बांधायला आणलेल्या विटा चार महिन्यांपासून काठावर रचून ठेवलेल्या होत्या.