नमुन्याचं नाव

छापखान्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसून ती मघापासून एकाच ओळीशी झटत होती. कार्ड छोटंसं. वर नाव, खाली रविवारच्या शोकसभेची वेळ आणि जागा. बाकी मजकूर केव्हाच बसला होता. नावात मात्र पहिल्या अक्षराचा काना आणि दुसऱ्याची वेलांटी एकमेकांच्या अंगावर येत होती. अक्षरांचं वळण बदला, आकार बदला, या दोघांची खोड काही जात नसे. ती त्यांना केसभर लांब करी, डोळे बारीक करून बघी, पुन्हा केसभर जवळ आणी.

नाव तिच्या वडिलांचं होतं.

डिझाइनच्या कॉलेजात पहिल्या वर्षी व्हिजिटिंग कार्ड करायला सांगितलं, तेव्हा नमुन्यादाखल कुणाचं तरी नाव हवं होतं. बाकीच्यांनी 'अमुक तमुक' लिहून वेळ मारून नेली. हिने बाबांचं नाव घातलं. त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं, पटकन सुचलं इतकंच. मग तेच अंगवळणी पडलं. तीन वर्षांत बाबा दातांचे डॉक्टर झाले, सर्कशीचे मालक झाले, साबणाचे कारखानदार झाले आणि एका लग्नपत्रिकेत चक्क नवरदेवही झाले. त्या पत्रिकेवरून आईने त्यांना आठवडाभर जेवताना छळलं. लेक घरी आली की चप्पल काढायच्या आत बाबांचा प्रश्न ठरलेला, "आज मी कोण?"

होते ते लिफ्टमन. एका हॉस्पिटलात, नोकरीला लागल्यापासून एकाच लिफ्टमध्ये.

"एकदा माझं खरंखुरं कार्ड कर की," ते म्हणायचे. "वर नाव, आणि खाली लिही, वर नेतो, खाली आणतो."

"करते हो बाबा. आधी हात तर बसू दे."

हे ती टाळायला म्हणत नव्हती. पहिल्या वर्षाची कामं काढून बघितली की तिला आजही लाज वाटे. बाबांच्या नावातली काही अक्षरं गर्दीत चेंगरलेली, काही रुसून लांब बसलेली. असलं कार्ड त्यांच्या खिशात कसं द्यायचं? दुसऱ्या वर्षी मॅडमनी युक्ती शिकवली. कागद खालची बाजू वर करून उलटा धरायचा, म्हणजे शब्द वाचला जात नाही. नुसते आकार दिसतात, आणि आकारांमधल्या फटी. तिथून हात वळायला लागला, आणि वळला तो याच एका नावावर. बाबांचा खोकला कधी सुरू झाला ते तिला आठवत नव्हतं. वेलांटी पहिल्यांदा कधी जमली ते मात्र लख्ख आठवत होतं. या गोष्टीचं तिला आता सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं. बाबांचं ते खरंखुरं कार्ड राहूनच गेलं.

"झालं का गं?" मागून काकांनी विचारलं.

काका म्हणजे छापखान्याचे मालक. पहिल्या वर्षापासून तिची सगळी कामं त्यांनीच छापली होती, अर्ध्या दरात आणि पुऱ्या टोमण्यांसकट. आज आल्यावर तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. नेहमीसारखी येऊन नेहमीच्या खुर्चीत बसली होती.

"झालं, काका."

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, पडद्याशी वाकले आणि मोठ्याने हसले.

"अरे अरे अरे! डॉक्टर केलंस, सर्कस दिलीस, आणि आता मारलंस होय बिचाऱ्याला?" मग त्यांनी मान तिरकी करून अक्षरं नीट न्याहाळली. "काम मात्र एक नंबर झालंय हं. आजवरचं सगळ्यात चांगलं. कॉलेजातलं शेवटचं का हे?"

"कॉलेजचं नाहीये, काका."

"मग?"

"घरचं आहे."

काकांचं हसू एकदम गेलं नाही. कळायला त्यांना थोडा वेळ लागला. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि चष्मा काढून हातात घेतला.

"म्हणजे असा माणूस खरंच... मला वाटायचं तू बनवलेलं नाव आहे हे." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "तुझे कोण?"

आज मी कोण? दारात उभं राहून, चप्पलही काढू न देता.

"बाबा," ती म्हणाली.

काकांनी जाऊन मशीन सुरू केलं. एरवी छापलेला कागद ते टेबलावर भिरकावत. आज पहिलं कार्ड बाहेर आलं ते त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. कार्ड अजून कोमट होतं.

तिने सवयीने ते उलटं धरलं. काना मोकळा होता, वेलांटी मोकळी होती. सगळ्या फटी सारख्या. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. हात बसला होता.

"बाकीची छापू?" काकांनी हळूच विचारलं.

"थांबा, काका."

कार्ड सुलट करून वाचायचं अजून राहिलं होतं.