भिशीची चिठ्ठी

सोमवारी इसार दिला नाही, तर पिपरीतला प्लॉट जाणार होता. पोस्टात पैसे पाच वर्षं अडकतात, म्हणून घरासाठी भिशीच भरायची, हा हट्ट माझाच होता. आता पितळी डब्यात दोनच चिठ्ठ्या उरल्या होत्या, माझी आणि शकुबाईची. बायांमध्ये वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे चिठ्ठी मीच उघडायची. आज उघडली, तर शकुबाईचं नाव. "कोणाचं निंगालं वं?" शकुबाईनंच विचारलं. "माहं," मी म्हणाले. नोटांचा रुमाल माझ्या ओटीत आला. शकुबाई हसली. "बरं झालं माय! माहं निंगालं असतं, तरी पैसे तुलेच देले असते." तिनं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली. "प्रौढांच्या वर्गाले जाऊन राह्यली मी. तुहं नाव कसं लिहितेत, पाहू दे." चिठ्ठीवर बोट ठेवून ती अक्षरं जुळवू लागली, "श... कु..."