चौथ्या माईकची वायर

"ह्याला दोन माईक लागतात, त्याला चार," असं म्हणत दुकानदारानं दोन्ही डबे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

दिनकररावांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. रविवारी ताडकळसला त्यांच्या घरी भजनी मंडळाची कॅसेट भरायची होती. टेपरेकॉर्डर घरचाच होता. सगळ्यांचे आवाज एकत्र करून त्यात सोडणारा हा डबा तेवढा घ्यायचा राहिला होता.

"मिक्सर आणायलो म्हणून सांगितलं, तर घरात डाळ भिजत घालून बसलेत," ते म्हणाले, आणि दुकानात हशा झाला.

मंडळ दिनकररावांचं. पण कॅसेट निघणार ती सितारामच्या गळ्यावर, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून तर डबा तपासायला त्यांनी त्याला परभणीला सोबत आणलं होतं.

सितारामची बायको मालन त्याच्या मागं उभी होती. लेकीला तापासाठी दवाखान्यात दाखवायचं म्हणून तीही सकाळच्या एसटीत चढली होती, आणि ते आटपून दुकानात आली होती. पोरगी कडेवरून वाकून बटणांकडं हात न्यायची आणि मालन तो हात मागं ओढायची. आपल्या पोरीचा हात दुसऱ्याच्या वस्तूला लागू नये, ही धास्ती बी.ए. झाल्यावरही तिच्यातून गेली नव्हती.

"हं, गा रे," दिनकरराव म्हणाले.

सितारामनं माईक धरला, डोळे मिटले आणि आलाप घेतला. डब्यावरचा काटा सरसर चढला. रस्त्यानं चाललेला एक सायकलवाला जमिनीला पाय टेकून थांबला. दुकानदारानं न विचारता सगळ्यांना चहा मागवला. सगळ्यांना सारखेच कप आले. सितारामनं आपला कप संपवला. दिनकररावांनी त्यांचा हातात धरला होता, तो तसाच खाली ठेवला.

"दोनवालाच घ्या," दुकानदार म्हणाला. "एक माईक पेटी-पखवाजाला, एक गाणाऱ्यांना. तुम्ही दोघं एका माईकपुढं बसा. घरच्या कामाला बख्खळ झालं."

"एका माईकपुढं न्हाई जमायचं," दिनकरराव लगोलग म्हणाले. "चारवाला द्या. मला एक, पेटीला एक, पखवाजाला एक. आन् चौथा ह्याला. सवता."

सितारामनं वळून मालनकडं बघितलं. चार बटणांतलं एक त्याचं. मालनला एकदम हलकं वाटलं, आणि एरवी दिनकररावांपुढं कधी न बोलणारी ती बोलून गेली, "रविवारी मी बी येते मालक, पोरीला घेऊन. बापाचं गाणं कसं भरतेत ते बघंल."

"ये की. कालेजवाली तू, चुकलंमाकलं तर सांगशील."

दुकानदारानं चार माईक काढले. "सोबत वायर येते. एका खोलीत पुरते."

"तिघांना पुरंल. चौथ्याला लांब पायजे. बैठकीतून ओसरीवर, ओसरीवरून पायऱ्या उतरून खाली."

"खाली कोण बसतंय?"

दिनकरराव चष्मा परत पुसायला लागले. "ह्याचा आवाज लय मोठा हाय. आत घुमतो."

"अहो, मग ह्याचं बटण कमी करायचं. म्हणून तर चार बटणं वेगवेगळी दिलीत."

"तुमी वायर मोजा हो."

दुकानदारानं एकदा सितारामकडं बघितलं, एकदा दिनकररावांच्या भरल्या कपाकडं, आणि वायरचं भेंडोळं काढलं.

मालननं पोरीचा बटणांकडं गेलेला हात घट्ट धरला. ज्या बैठकीत तिचा नवरा जाणार नव्हता, तिथं त्याची वायर जाणार होती. आणि सिताराम मात्र काउंटरवर वाकून, दुकानदार हातानं वायर मापत होता ते मन लावून बघत होता.

"अजून घ्या," तो म्हणाला.

"कशाला रं? पायरीपर्यंत ही लय झाली."

"असू द्या मालक. अजून थोडी."

"घे बाबा. तुझ्या गळ्यापुढं वायर काय चीज हाय!" दिनकरराव मोकळे हसले. वादावादी न होता काम उरकलं, हे त्यांना मानवलं होतं.

मालनला मान वर करवेना. एवढा मोठा माणूस, आणि जत्रेत पोराला फुगा मिळावा तसा वायरीवर खूश.

दिनकरराव पुढं स्टँडकडं निघाले. मागं सिताराम, एका खांद्यावर वायरचं भेंडोळं, बगलेत डबा, तोंडात गुणगुण. समोरच्या भिंतीवर नामांतराची घोषणा चुन्यानं अर्धी पुसलेली होती. ऊन मी म्हणत होतं. सांगावं की नको, मालनला ठरवता येत नव्हतं. पण रविवारी पायरीखाली बसल्यावर त्याला कळण्यापेक्षा आजच कळलेलं बरं.

"आवं," ती म्हणाली, "ती वायर कशाला घेतली, कळलं का तुमाला?"

गुणगुण थांबली.

"कळलं की."

"कळलं? आन् वरून अजून मागितली?"

सितारामनं भेंडोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या हातानं पोरीच्या कपाळाला हात लावून बघितला. कपाळ अजून गरम होतं.

"मालक म्हणत होते ती वायर पायरीपर्यंतच येती. तिथं दिवसभर ऊन असतं. अंगणातल्या लिंबाच्या सावलीपर्यंत यावी म्हणून मागितली." त्यानं मालनचा पदर ओढून पोरीच्या डोक्यावर घातला. "तूच म्हणलीस ना, हिला घेऊन येते म्हणून."