निरोगी असल्याचा दाखला

हाँगकाँगच्या बंदरामागे, आमच्या गल्लीत, युन-हो शिवणकाम करायची. तिचा नवरा समुद्रात बुडाला त्याला चार वर्षं झाली होती. कुणीतरी चुगली केली आणि तिचं नाव धंदेवाल्या बायकांच्या सरकारी यादीत चढलं. डॉक्टरकडे गुप्तरोगाच्या तपासणीला हजर राहायचा हुकूम आला. ती रडत म्हणाली, “त्यापेक्षा होडीत बसून माहेरी पळून जाते.”

सासू म्हणाली, “पळालीस तर लोकांना खरंच वाटेल. तू स्वच्छ आहेस ना? मग जा. मी येते सोबत.”

दुपारी दोघी परतल्या. सासूने दाखला गल्लीभर फिरवला. “वाचा! निरोगी लिहिलंय. आता बोला म्हणावं, कुणाला काय बोलायचंय ते!”

महिन्याभराने युन-होच्या अंगावर चट्टे उठले. वैद्याने नाडी पाहिली, चट्टे पाहिले आणि खालच्या आवाजात सासूला सांगितलं, “गरमीचा रोग आहे.”

तो जाताच म्हातारीने सुनेची वेणी धरली. “कोण आहे तो? माझ्या पोराच्या नावाला काळं फासलंस! बोल!”

“आई, शपथेवर सांगते, कुणी नाही. मी रांगेतून बघत होते. माझ्या आधी नऊ जणी होत्या. डॉक्टरने सगळ्यांना एकाच अवजाराने तपासलं. मधे एकदाही धुतलं नाही.”

म्हातारीच्या हातातून वेणी सुटली.

“आणि तुझ्या मागे किती होत्या?”

“दाराबाहेरपर्यंत रांग होती, आई.”