एकट्याच?

या रविवारी मला एवढंच हवं होतं: शहराबाहेर शंभर किलोमीटर सायकल, आणि तीही एकटीने. पण दर दहा किलोमीटरवर कोणीतरी गाडी हळू करून विचारायचंच, "ताई, एकट्याच? सायकल बिघडली का? सोडू का कुठे?"

सहाव्यांदा एका टेम्पोवाल्याने तेच विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

"दादा, हौस म्हणून चालवतेय! मला लिफ्ट नको, पाणी नको, कोणाची मदत नको. जरा एकटीला जगू द्या की!"

बिचारा ओशाळला. "चुकलं ताई," म्हणाला आणि पुढच्या नाक्याकडे निघून गेला.

त्यानंतर खरंच कोणी काही विचारलं नाही.

दुपारी ऐन चढावर चेन तुटली. बाटली रिकामी, फोनला रेंज नाही. नाक्याकडून एक जीप येताना दिसली, म्हणून हात केला. तिने अदबीने मला लांबून वळसा घातला. तिच्या मागून आलेल्या दुधाच्या गाडीवाल्याने तर मलाच सलाम ठोकला. तासाभरात अकरा गाड्या गेल्या, एक थांबेल तर शपथ!

शेवटी तोच टेम्पो परत येताना दिसला. मी सायकल कडेला टाकली आणि दोन्ही हात वर करून ओरडत सुटले. त्यानेही खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवला, आणि न थांबता पुढे जाता जाता ओरडला,

"आभार कसले मानताय, ताई! नाक्यावर सगळ्यांना बजावलंय, सायकलवाल्या ताईंसाठी कोणी थांबायचं नाही!"